पाटी बदलण्याआधी धनी कोण ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करता येईल. वडिलांनी चार मशिनवर शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. आज एमआयडीसीत शेड आहे, आत २६ माणसं आहेत, आणि कापलेला माल घरी नेऊन शिवणाऱ्या साठेक बायका आहेत. गेल्या वर्षीची उलाढाल ४ कोटी ८० लाख. धंदा वडिलांच्या नावावर प्रोप्रायटरशिप म्हणून आहे, पण सगळं बघता तुम्ही आणि थोरला भाऊ. हैदराबादच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे ३८ लाख अडकलेत. सीए म्हणतात, आता प्रायव्हेट लिमिटेड करा. तुम्ही विचारताय की कंपनी केली की सगळं मार्गी लागेल का आणि खर्च किती येईल.

मी सव्वीस वर्षं सोलापुरात वकिली करते, त्यातली बरीचशी चादर, टॉवेल आणि गारमेंटवाल्यांची. सीए चुकीचं सांगत नाहीत. पण कंपनी काढणं म्हणजे दुकानाची पाटी बदलणं आहे. तुमची अडचण पाटीच्या मागे आहे. धंदा पाच कोटींच्या घरात गेला आणि कागद मात्र चार मशिनच्या काळातले राहिले.

कागदाप्रमाणे या धंद्याचा धनी एकच, तुमचे वडील. तुम्ही दोघं भाऊ पंधरा-पंधरा तास राबत असाल, पार्ट्या तुमच्या तोंडाकडे बघून उधारी देत असतील, तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही फार तर वडिलांचे नोकर आहात. पगार घेता का? घेत नसाल तर तेवढेही नाही. आणि प्रश्नात एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मी विचारते: तुम्हाला बहीण आहे का? माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण 'आम्ही दोघं भाऊ' म्हणून सुरुवात करतात आणि बहिणीचा उल्लेख तिसऱ्या बैठकीत येतो. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आजी, सगळ्यांना सारखा हिस्सा. त्यात मशिनं आली, शिल्लक माल आला, बँकेतली रक्कम आली आणि हैदराबादचे ३८ लाखही आले.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. टॉवेलचा धंदा, वडील प्रोप्रायटर, दोन मुलगे तुमच्यासारखेच राबणारे. वडिलांनी मुलांना मुखत्यारपत्र दिलं होतं, त्यामुळे मुलं निर्धास्त होती. वडील अचानक गेले. मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबर संपतं, हे त्यांना बँकेच्या काउंटरवर कळलं. चालू खातं गोठलं, सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा थांबली, जीएसटी क्रमांक वडिलांच्या पॅनला जोडलेला म्हणून त्यावर पुढची बिलं काढता येईनात. नवा क्रमांक घ्या, जुन्या खात्यातलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून नव्यात आणा, पार्ट्यांना कळवा, सुताच्या व्यापाऱ्याला समजवा. चार महिने गेले. बहिणीने सही द्यायला एका दिवसाचाही उशीर केला नाही, म्हणून चारच. तिने हात आखडता घेतला असता तर मी अजून तारखा घेत असते.

म्हणून पहिलं काम कंपनी नव्हे. वडिलांचं मृत्युपत्र, तेही याच महिन्यात. त्याला स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करून घ्या), दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. 'आमच्याकडे नॉमिनी लावलाय' असं म्हणाल तर एवढंच सांगते, नॉमिनी म्हणजे वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा, मालक नव्हे. वडिलांपाशी हा विषय काढणं अवघड असतं, मला माहीत आहे. मी अशा वेळी मुलांना बाहेर बसवते आणि वडिलांशी एकटीने बोलते. बहुतेक वेळा त्यांनी मुलांपेक्षा जास्त विचार केलेला असतो.

आता रचना कोणती घ्यायची ते. इथे 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणणं भाग आहे, पण कोणत्या परिस्थितीवर ते सांगते.

भागीदारी सगळ्यात सोपी आणि आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेली. पण ती नोंदणीकृत हवी. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. तिऱ्हाइताला मात्र फर्मवर लावता येतो. म्हणजे तुमचे ३८ लाख अडकलेत आणि फर्म नोंदलेली नाही, तर हैदराबादवाला निवांत. दुसरी गोष्ट, डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. बाजारात तयार मिळणाऱ्या डीडमध्ये हे कलम असतं, पण गेलेल्याच्या हिश्शाची किंमत कशी काढायची आणि किती हप्त्यांत द्यायची हे नसतं. भांडणं तिथेच होतात. आणि भागीदारीत जबाबदारी अमर्याद. भावाने फर्मच्या धंद्यात केलेल्या सहीसाठी तुमचं घरही धरलं जाऊ शकतं.

एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, नावाप्रमाणे जबाबदारी मर्यादित होते, भागीदार बदलला तरी संस्था चालू राहते, आणि आपसांतला करार भागीदारीइतकाच लवचीक ठेवता येतो. उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की ऑडिट लागतं, ते तुम्हाला लागणारच. आयकर भागीदारीसारखाच, सरसकट ३० टक्के आणि वर उपकर.

प्रायव्हेट लिमिटेडचं आकर्षण म्हणजे कराचा दर: सवलतीचा पर्याय घेतला तर २२ टक्के, अधिभार-उपकर धरून २५.१७. सीएंच्या डोळ्यासमोर तो आकडा असणार. पण कंपनीचा पैसा तुमचा नसतो, आणि आपल्याकडच्या धंदेवाल्यांना हे पचायला सगळ्यात जड जातं. आज गल्ल्यातून पुतणीच्या लग्नाला पाच लाख काढले तर वडिलांच्या कॅपिटल खात्याला नावे पडतात आणि विषय संपतो. कंपनीतून तेच काढले तर ते संचालकाला दिलेलं कर्ज होतं. कंपनी कायदा त्याला अडवतो, आणि आयकरवाला त्याला लाभांश समजून तुमच्या हातात कर लावू शकतो. पैसा बाहेर काढायचा तर पगार, भाडं, व्याज किंवा लाभांश या वाटांनी, आणि प्रत्येक वाटेवर कर आहे. तेव्हा २५ विरुद्ध ३० ही तुलना अपुरी आहे. घरखर्चाला वर्षाला किती लागतं आणि धंद्यात किती ठेवता, यावर हिशेब फिरतो. नफ्यातला मोठा भाग मशिनरीत घालणार असाल तर कंपनी परवडते. जवळजवळ सगळा घरी नेणार असाल तर परवडत नाही.

खर्चाचं विचारलंत. काढण्याचा खर्च फार नसतो, सांभाळण्याचा असतो. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला ऑडिट सक्तीचं. वार्षिक विवरणाचे दोन मुख्य फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. हौसेने काढून विसरलेल्या कंपन्यांचे हे रोजचे शंभर-शंभर मी लाखांत गेलेले पाहिलेत.

आणि 'लिमिटेड' या शब्दावर फार विसंबू नका. तुमची सीसी नव्या संस्थेच्या नावावर करताना बँक संचालकांची, बहुतेक वेळा वडिलांचीही, वैयक्तिक हमी घेईल आणि घराचं गहाणखत कायम ठेवेल. बँकेपुरती तुमची जबाबदारी अमर्यादच राहिली. फायदा झालाच तर तो, ज्यांचं तुम्ही देणं लागता अशा इतरांपुरता.

माझं मत विचाराल तर तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी एलएलपी सुचवीन: वडील, भाऊ, तुम्ही, आणि आई किंवा बहीण घ्यायची की नाही ते घरात बसून ठरवा. बाहेरचा गुंतवणूकदार येणार असेल किंवा मोठी कॉर्पोरेट कंपनी 'प्रायव्हेट लिमिटेड असाल तरच ऑर्डर' म्हणत असेल, तर मत बदलीन. एलएलपीची पुढे कंपनी करता येते. आणि सरकारी टेंडर भरत असाल तर मला आधी सांगा. टेंडरमध्ये मागच्या तीन वर्षांची उलाढाल मागतात आणि नव्या संस्थेचं वय शून्य असतं. जुन्या धंद्याचा अनुभव नव्या संस्थेला धरतात की नाही, हे त्या त्या टेंडरच्या अटींवर ठरतं.

आता शेड. एमआयडीसीचा प्लॉट तुम्ही विकत घेतलेला नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. प्रोप्रायटरच्या नावावरचा प्लॉट एलएलपीच्या किंवा कंपनीच्या नावावर करायचा तर महामंडळाची परवानगी लागते आणि प्रकरणाप्रमाणे शुल्क लागतं. बरेच जण हे न करता नव्या संस्थेचा धंदा जुन्या प्लॉटवर सुरू करतात आणि दहा वर्षांनी कर्ज काढताना अडकतात. तुमच्या शेडचा एखादा कोपरा कुणा नातेवाइकाला वापरायला दिला असेल तर तोही आधी मोकळा करा किंवा रीतसर परवानगी घ्या. प्लॉट वडिलांकडेच ठेवून नव्या संस्थेला भाड्याने द्यायचा विचार असेल तर तिथेही महामंडळाला विचारल्याशिवाय नाही. त्यात जीएसटीची एक बारीक गोष्ट: धंदा हस्तांतरित झाल्यावर वडिलांची जीएसटी नोंदणी रद्द होईल, म्हणजे ते नोंदणी नसलेले जागामालक होतील. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा मालकाकडून घेतलेल्या व्यापारी जागेच्या भाड्यावरचा जीएसटी भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने भरायचा आहे. क्रेडिट मिळतं, पण भरायचा राहिला तर नोटीस येते.

विमाही याच पंगतीतला. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले, ते सोलापुरात कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन कागद विचारते. एक, अग्निसुरक्षेचा 'बी' फॉर्म, जो परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यायचा असतो. दुसरा, विम्याची पॉलिसी कुणाच्या नावावर आहे. संस्था बदलली आणि पॉलिसी जुन्या प्रोप्रायटरच्या नावावरच राहिली, तर माल जळल्यावर विमा कंपनी विचारते की ज्याचा विमा आहे त्याचा हा माल नाही आणि ज्याचा माल आहे त्याचा विमा नाही, मग आम्ही कुणाला द्यायचं?

आता ज्या भागाची मला तुमच्याबाबतीत सगळ्यात जास्त काळजी वाटते तो: घरी शिवणाऱ्या साठ बायका.

आतल्या २६ जणांचं सरळ आहे. १० माणसांपासून ईएसआय (कामगार विमा), २० पासून पीएफ. दोन्ही चालू असतील असं धरते. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. एक दिवस उशीर झाला तरी कापलेल्या रकमेची आयकरातली वजावट कायमची जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पक्कं केलं होतं; आज तो नियम काय आहे ते सीएंना विचारा.

बाहेरच्या बायकांबद्दल मात्र सगळे एकच वाक्य म्हणतात: 'त्या आमच्या कामगार नाहीत, नगावर काम करतात.' नगावर मजुरी दिली म्हणून माणूस कामगार नसतो, असं कायदा कुठेच म्हणत नाही. गोदावरी गारमेंट्स नावाचं प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९ चा. कापलेलं कापड, धागा, बटणं कंपनी द्यायची. बायका घरी, स्वतःच्या मशिनवर शिवायच्या. माल पसंत न पडल्यास नाकारायचा हक्क कंपनीचा. न्यायालयाने म्हटलं, या कर्मचारीच आहेत, पीएफ लागू. तुमचं काम याहून वेगळं आहे का, ते तुम्हीच बघा.

यातली गंमत अशी की पुरावा तुमचेच कागद देतात. जीएसटीसाठी कापलेला माल बाहेर पाठवताना तुम्ही जॉबवर्कचं चलन करता, त्यावर बाईचं नाव, नग, तारीख. पीएफचा अधिकारी आला की तीच फाइल मागतो आणि नावं उतरवून घेतो. मग चलन करू नये का? करावंच लागतं. शिवाय उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की आयटीसी-०४ हे जॉबवर्कचं विवरण वर्षातून एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी.

उपाय काय? खरोखर स्वतंत्रपणे धंदा करणारी एखादी बाई असेल, जी चार पार्ट्यांचं काम घेते, स्वतः दोन मुली कामाला ठेवते, स्वतःचं बिल देते, तिच्याशी जॉबवर्कचा लेखी करार करा. तो टिकायला वाव असतो. पण ज्या फक्त तुमचंच, वर्षभर, तुमच्या दराने करतात, त्यांना 'कंत्राटदार' लिहून कागद रंगवू नका. त्यांना टप्प्याटप्प्याने पीएफमध्ये घेतलं तर त्याचा खर्च गणवेशाच्या दरात कसा बसतो, ते आजच काढा. पाच वर्षांनी एकदम थकबाकी, वर व्याज आणि नुकसानभरपाई, हे कुठल्याच दरात बसत नाही. मी हे बायकांच्या बाजूनेही बोलते आहे, लपवत नाही. विडी घरकुल वसाहतीत एका बाईने मला विचारलं होतं, 'मॅडम, बावीस वर्षं शिवले, माझ्या नावावर कुठं कायच न्हाई का?' मला उत्तर देता आलं नव्हतं.

याच ओघात दोन गोष्टी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आलं. आणि मूळ पगार बारीक ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती चालत नाही: वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे ग्रॅच्युइटी वाढते. तुमचा कटिंग मास्तर वीस वर्षं असेल आणि शेवटचं वेतन १८ हजार असेल, तर १५ भागिले २६ च्या सूत्राने साधारण २ लाख ८ हजार होतात. प्रोप्रायटरशिपमधून एलएलपीत गेलात तरी त्याची नोकरी नव्याने सुरू झाली असं धरता येत नाही, जुनी वर्षं मोजायचीच. आत बायका काम करतात, माणसं दहाच्या वर आहेत, तर लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखालची अंतर्गत समितीही हवी, बाहेरच्या एका सदस्यासह. विचारलं की लोक हसतात. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे.

आता ३८ लाख. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणून आहे का, आणि हा माल पाठवण्याच्या आधीची आहे का? असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने पैसे १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत यायला हवेत. न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ. तुमची उलाढाल १० कोटींच्या आत आहे, मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटींच्या आत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योगातच येता. अर्ज फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) करायचा, तोही आपल्याकडे, हैदराबादला जायची गरज नाही. निर्णय विरोधात गेला आणि खरेदीदाराला आव्हान द्यायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

पण अर्ज करण्याआधी एक करा. त्याच्याकडून आजवरच्या बाकीची लेखी कबुली घ्या, लेटरहेडवर, ईमेलवर, किमान व्हॉट्सॲपवर खातेउताऱ्याला 'ओके' तरी. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि मुदतीत मिळालेल्या लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होते. दसऱ्याला देतो, संक्रांतीला देतो असं करत तीन वर्षं घालवणारे व्यापारी मी कमी पाहिले नाहीत. त्याचा चेक असेल आणि परत आला तर घड्याळ बघा: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पोचल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. तुमचं खातं सोलापुरात असेल तर फिर्यादही सोलापुरातच.

बिलाच्या तळाशी 'सोलापूर न्यायालयाच्या अधीन, २४ टक्के व्याज' असं छापलंय म्हणून मोकळे झालो समजू नका. ती एकतर्फी छपाई आहे, समोरचा 'मी कधी मान्य केलं?' म्हणतो. तेच शब्द ऑर्डरवर घ्या आणि त्याखाली त्याची सही घ्या. सीझनच्या आधी एकदा सही घेतली की वर्षभर पुरते.

मार्चमध्ये एक हत्यार तुमच्या हातात असतं. २०२३-२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही बाकी राहिले तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. त्याच्या सीएलाच पत्र पाठवा. हीच गोष्ट तुमच्यावरही उलटते, हे विसरू नका: कापड तुम्ही भिलवाड्याच्या किंवा इचलकरंजीच्या लहान उत्पादकाकडून थेट घेत असाल तर तुम्हालाही तीच मुदत. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर हे कलम लागत नाही.

ब्रँडचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. लेबलवर जे नाव शिवता ते कुणाच्या नावाने नोंदलंय? तयार कपडे वर्ग २५ मध्ये येतात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. अर्ज वडिलांच्या नावाने केलेला असेल तर एलएलपीच्या नावाने हस्तांतर लिहून ठेवा, नाहीतर उद्या भावाभावांत वेगळं व्हायची वेळ आली की मशिनं वाटता येतात, नाव वाटता येत नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, गणवेशाला नाही, तेव्हा तुमचं नाव तुम्हालाच राखायचंय. आणि शाळेचं बोधचिन्ह शिवलेला उरलेला माल रस्त्यावरच्या दुकानदाराला विकत असाल तर तो प्रकार बंद करा. चिन्ह शाळेचं आहे, तुम्हाला ते त्यांच्या ऑर्डरपुरतं वापरायला दिलंय.

जीएसटीत पुढच्या वर्षी एक पायरी येणार. उलाढाल एकदा ५ कोटींच्या वर गेली की पुढच्या आर्थिक वर्षापासून व्यापाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक बिलाला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), आणि नंतर उलाढाल खाली आली तरी सुटका नाही. एवढं बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला आताच सांगून ठेवा, तो भाग सोपा आहे.

सगळं एकदम करायला जाऊ नका. मृत्युपत्र आणि हैदराबादची कबुली, ही दोन कामं थांबणारी नाहीत. उद्यम, ट्रेडमार्क, विमा हे महिन्याभरात होतं. घरच्या बायकांचा हिशेब तुम्ही आणि सीए मिळून काढा, मग माझ्यासारख्या कुणाला दाखवा. संस्था बदलायची ती १ एप्रिललाच, म्हणजे वह्या स्वच्छ तुटतात. त्यासाठी बँक, एमआयडीसी आणि जीएसटीची तयारी जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उरकली की सुरू करावी लागते. एप्रिल ते जून तुम्हाला जेवायला वेळ नसतो आणि मार्चमध्ये सीएंना. कुणाकडेही गेलात तरी पहिल्या बैठकीला प्लॉटचा करार, बँकेचं मंजुरीपत्र आणि एक महिन्याची जॉबवर्कची चलनं घेऊन जा. आणि बहीण असेल तर तिलाही.